वेशीतल्या दोन तोफा

हिरडगड आणि मोरदुर्ग ही शेजारची राज्यं. आजोबांच्या काळात दोघांत एक लढाई झाली, आणि ती दोघांनीही जिंकली! हिरडगडाच्या वेशीत मोरदुर्गाची तोफ, मोरदुर्गाच्या वेशीत हिरडगडाची. दर दसऱ्याला दोन्हींना विजयाचे हार पडत.

एकदा मोरदुर्गाचे राजे हिरडगडाला पाहुणे म्हणून आले. जेवणं उरकली, विडे आले आणि विषय नेमका त्या लढाईवर घसरला.

"आमच्या आजोबांनी तुम्हांला लोळवलं!"

"छट्! आमच्या आजोबांनी तुम्हांला!"

हात तलवारींकडे गेले. हिरडगडाच्या राजांनी येसबा शाहिराला पुढे बोलावलं. "जो खरा जिंकला त्याचा पोवाडा गा. चुकलास तर मान उडवीन."

"माझ्याविरुद्ध गायलास तर मी उडवीन," पाहुणे गरजले.

मान एकच आणि गिऱ्हाइकं दोन! येसबाने डफ खाली ठेवला.

"सरकार, तोफ टाकून पळाल्याशिवाय ती शत्रूच्या हाती लागते का?"

"मुळीच नाही!" दोघे एका सुरात म्हणाले, आणि मग दोघांचेही चेहरे उतरले.

"सगळेच पळाले, तर तोफा वेशीपर्यंत आणल्या कुणी?" यजमान गुरगुरले.

"बैलांनी, सरकार. जू मानेवर, त्यांना कुठलं पळता येतंय? पलीकडचा चारा हिरवा दिसला, तसे तोफेसकट तिकडे गेले. त्यांचा पोवाडा गाऊ?"

दोन्ही राजे खदाखदा हसले. तेव्हापासून विजयाचे हार दोन्हीकडे पोळ्याला बैलांच्याच गळ्यात पडतात. आधी कोणते राजे हसले, यावर मात्र दोन्ही राज्यांचा वाद अजून चालू आहे.