रावसाहेबांचा लांबचा टोला

गोल्फ क्लबचे अध्यक्ष रावसाहेब लांबून चेंडू टोलवत, तेव्हा तो एकतर अर्ध्यातच बसकण मारी, नाहीतर होल ओलांडून पार पुढे जाई. खापर मात्र फुटे प्रशिक्षक शाल्मली टिपणीसवर.

"अंतराचा अंदाज एका वाक्यात शिकवा, नाहीतर उद्यापासून येऊ नका!" रावसाहेब सगळ्यांदेखत गरजले.

"शिकवते की. आधी तुमच्या गाडीची किल्ली टाका इकडे," होलपाशी उभी असलेली शाल्मली म्हणाली.

रावसाहेबांनी जागेवरूनच भिरकावलेली किल्ली नेमकी तिच्या तळहातावर पडली.

"अंतर कसं मोजलंत?"

"मोजायचंय काय त्यात? तुमच्या हाताकडे बघितलं आणि टाकली!"

"आणि टोलवण्याआधी कुठे बघता?"

"चेंडूकडे! डोळे वटारून!"

"मग रावसाहेब, त्या बिचाऱ्या होलनं तुमचं काय घोडं मारलंय, म्हणून त्याच्याकडे बघत नाही?"