भिकोबाचा डाव

भुतामुळे राजा उदयभान आपला हत्ती हरला, आणि ते भूत दरबारात हजर केलं नाही तर तुळाजीला राज्य सोडावं लागणार होतं.

तुळाजी राजाच्या फासेघराचा राखणदार. सोंगट्यांचे पट अंथरायचे, फासे पुसून ठेवायचे आणि आलेल्या मंडळींना भिकोबाची गोष्ट सांगायची, एवढं त्याचं काम. शेवटचं काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ते तो हौसेने करायचा. भिकोबा म्हणे जन्मभर हरतच राहिला. म्हातारपणी एकदाचं त्याला पौबाराचं भारी दान पडलं, तर तो इतका हसला की हसता हसता जागीच गेला. तेव्हापासून त्याचं भूत कोपऱ्यातल्या खांबाशी बसतं आणि शेजारच्या खेळाडूच्या फाशांवर फुंकर घालतं, की त्याला हवं ते दान पडतं. ऐकणारे घरी जाताजाता यात भर घालत. कुणाच्या मानेला गार वारा लागला, कुणाला तंबाखूचा वास आला. एका जाड्या सावकाराला तर भूत म्हणालं होतं, “जरा सरकून बसा.”

गोष्ट फिरत फिरत राजाच्या कानावर गेली. शेजारचा राजा पाहुणा म्हणून आला तेव्हा उदयभान मुद्दाम त्या खांबाशी जाऊन बसला. लाडका हत्ती पणाला लावला, डोळे मिटून फासे टाकले, आणि पडले तीन काणे. त्याहून भिकार दान सोंगट्यांच्या खेळात नाही. पाहुणा हत्तीवर बसून घरी गेला.

राजाने तुळाजीला समोर उभं केलं.

“तुझ्या भुताने मला तोंडघशी पाडलं.”

दिवाण त्र्यंबकपंत लगेच पुढे सरसावले. “महाराज, भूतबीत सगळं थोतांड आहे. मी तर या असल्या गोष्टींना हसतो. हाकलून द्या याला.”

“असं कसं? मला हत्तीचं उट्टं काढायचंय,” राजा म्हणाला. “तुळाजी, उद्या भर दुपारी, भर दरबारात, भिकोबाने माझ्याशी एक डाव खेळायचा. तो आला नाही, तर तू खोटारडा. मग बायकामुलांसकट राज्याबाहेर चालतं व्हायचं.”

तुळाजी घरी आला तो थेट गाठोडं बांधायला बसला. त्याची मुलगी येसू भाकरी थापत होती.

“आबा, ते सोडा आणि जेवायला बसा.”

“भूत कुठून आणू गं मी?”

“इतकी वर्षं कुठून आणत होता?” येसू म्हणाली. “उद्या मी आणते. तुम्ही फक्त गप्प राहा. भिकोबाबद्दल नवीन काही सांगू नका, माझा हिशेब चुकेल.”

दुसऱ्या दिवशी दरबार खच्चून भरला होता. येसूने मधोमध पट अंथरला. एका बाजूला राजाची गादी, समोर एक साधी चटई. ती चटईकडे बघून म्हणाली, “बसा भिकोबा. पाय पसरू नका, दरबार आहे.”

पुढच्या रांगेतली मंडळी वीतभर मागे सरकली.

राजाने मिशीला पीळ दिला. “चल, होऊ दे सुरू.”

“महाराज, आधी पणाला काय लावायचं ते ठरू द्या. आपल्या फासेघराचा नियम काय?”

“सारख्याला सारखं,” राजा ऐटीत म्हणाला. “हत्तीसमोर हत्ती, अंगठीसमोर अंगठी. आजोबांनी घालून दिलेला नियम आहे, आजवर मोडलेला नाही.”

“मग पंचाईत आहे. भिकोबाकडे हत्ती नाही, अंगठी नाही. अंगावर धोतर आहे की नाही, तेही मी विचारलं नाही. त्याच्याकडे एकच चीज आहे, त्याचं भूतपण. तो ते लावायला तयार आहे. त्याच्या तोडीचं म्हणून तुम्ही राजेपण लावा.”

राजाने हातातले फासे खाली ठेवले. “आणि मी हरलो तर?”

“तर राजेपण भिकोबाकडे जाईल. आजपासून तो महाराज.”

सगळ्या दरबाराची नजर चटईकडे वळली, आणि या वेळी त्या नजरेत जरा अदब होती. राजा फाशांकडे बघत विचारात पडला होता. तेवढ्यात त्र्यंबकपंतांनी हळूच पगडी सावरली, चटईकडे तोंड केलं आणि कमरेत वाकून नमस्कार केला. उद्याचं कुणी सांगावं! त्यांचं बघून सेनापती वाकले. राजपुरोहितांनी तर आशीर्वादाला हातसुद्धा वर केला.

“बरं, मी जिंकलो तर?” राजाने मान वर न करता विचारलं.

“तर त्याचं भूतपण तुमचं. खांबाजवळची जागा स्वच्छ आहे, मी रोज झाडते.”

“म्हणजे हरलो तरी बुडालो, आणि जिंकलो तरी बुडालो? असला डाव कोण शहाणा खेळेल?”

“म्हणून तर बिचारा इतकी वर्षं एकटाच बसलाय, महाराज.”

कुणीतरी फिसकन हसलं. राजाने पट बाजूला सारला.

“मी खेळत नाही. पण पोरी, तुझा बाप अजून सुटलेला नाही. ही चटई मला रिकामीच दिसते. भिकोबा खरंच इथे आला होता, याला साक्षीदार कोण?”

तुळाजीने डोळे मिटून घेतले. येसूने मात्र अदबीने त्र्यंबकपंतांकडे हात केला.

“दिवाणसाहेब. भिकोबा आला नसता, तर आत्ता त्यांनी कमरेत वाकून नमस्कार कुणाला केला?”

राजाने वळून पाहिलं. पंत अजून अर्धे वाकलेलेच होते. सरळ व्हावं की तसंच राहावं, हे त्यांना ठरवता येईना. राजा हसायला लागला. हसता हसता गादीवरून घसरला, तेव्हा सेवक घाबरून धावले. हसण्यापायी भिकोबाचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

“थांबा, मी जिवंत आहे!” राजा डोळे पुसत म्हणाला. त्याने गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून येसूच्या हातात दिला, फासेघर तुळाजीला कायमचं बहाल केलं, आणि त्र्यंबकपंतांना हुकूम सोडला, की भिकोबामहाराजांची चटई त्यांनी स्वतः डोक्यावरून खांबापर्यंत पोचवावी.