निळ्या फुलांचं अत्तर

“या चिनी बरणीवरच्या फुलांचं अत्तर काढ, नाहीतर देश सोड!” हैबतराजे गरजले आणि म्हाताऱ्या उस्मान अत्ताराची दाढी लटलटली. चितारलेल्या फुलांचं अत्तर? घ्या!

खोडी सगळी दिवाण नारोपंतांची. गलबतातून ती बरणी उतरली, पांढरीशुभ्र, अंगभर कोबीएवढाली निळी फुलं. पंतांनी तिला नाक लावलं आणि डोळे मिटले. “अहाहा! काय हा परिमळ!” एका मेंढीनं उडी मारली, मग काय! सगळा दरबार हुंगायला धावला. दरबारीच ते! देव शेपटी तेवढी लावायची विसरला. राजांना मात्र काही केल्या वास येईना. त्यांना वाटलं, तपकीर ओढून ओढून आपलं नाक मेलं. अत्तर काढलं तर वास कडक होईल, मेल्या नाकालाही कळेल!

उस्मानची लेक जैतून ओढणी खोचून पुढे आली. “अब्बा, तुम्ही बसा. मी काढते, सरकार.”

तिनं दरबारातच चूल मांडली, बरणी डेगेत, अत्तर काढायच्या मोठ्या हंड्यात ठेवली, पाणी घालून रटारटा उकळलं. वाफ धरून धरून कुपी भरली. मग बरणी पुसून पंतांच्या नाकाशी नेली.

“हुंगा, पंतकाका. वास उरलाय?”

“म्हणजे काय! घमघमतोय!”

“हो का? मग उरलेलं अत्तर तुम्ही काढा. बसा चुलीशी!”

पंत झटकन मागे सरले. “छे छे! भास झाला. पार गेला गं वास!”

“गेला, की कुपीत उतरला?”

“उतरला, उतरला! वाहवा, काय अत्तर!” सगळ्या पगड्या डोलल्या.

राजांनी कुपी हिसकली. हुंगली. पुन्हा हुंगली. बोट बुडवून चाटलं. “अगं, हे तर पाणी!”

“पाणीच, सरकार! फुलांत होता नव्हता तेवढा वास त्यात उतरलाय, पंतच साक्षीला आहेत. तुमचं नाक मेलेलं नाही. या दरबारात तेवढं एकच जिवंत आहे!”

पंतांचं तोंड बरणीहून पांढरं, ओठ फुलांहून निळे! राजे इतके हसले की पगडी मांडीत आली.

“पंत, डेगेत उरलंय ते अत्तर तुमचं! गार झालं की डोक्यावरून घ्या! उस्मान, आजपासून तू आमचा दरबारी अत्तार. आणि पोरी, बरणी तुला. कैरीचं लोणचं घाल तिच्यात. मग वास येतो की नाही, ते आम्ही जातीनं हुंगायला येऊ!”