न तपासलेली पट्टी

“…पण ओली झाल्यावर ही पट्टीही ताणली गेली तर?”

तांडेलबाबांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. हेर्लेकर सरांची ही चौथी खेप होती. प्रश्न पहिल्या खेपेचाच होता.

बाबांचं मूळ नाव इसूब. चाळीस वर्षं हर्णैच्या गलबतांवर गेली, त्यातली शेवटची वीस तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, म्हणून. आता घाटमाथ्यावरच्या पिराच्या दर्ग्यात ते दिवा लावत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला चहा देत. दोराबद्दल काही विचारायचं असलं, की माणसं अजून त्यांच्याकडेच येत.

श्रीनिवास हेर्लेकर इचलकरंजीला वस्त्रतंत्राचे प्राध्यापक होते. वय एकाहत्तर. तिसाव्या वर्षी ते या डोंगरधारेवरून चार दिवस एकटे चालायला निघाले होते आणि याच खिंडीतून परत फिरले होते. ती वाट आता पुरी करायची होती. पाठीला जमीन सोसत नव्हती, म्हणून दोन झाडांमध्ये टांगायची कापडी झोळी घेतली. डॉक्टरांनी पाठीवर पाच किलोंच्या वर ओझं नको म्हटलं होतं, म्हणून टांगायच्या पट्ट्या हलक्या हव्या होत्या. आणि वाटेत पट्टी तुटली, तर उचलायला कोणी नव्हतं.

पहिल्या खेपेला त्यांनी नायलॉनचा दोर आणला होता. बाबांनी त्याला गोणी टांगली, वर तांब्याभर पाणी ओतलं आणि चुलीकडे वळले. संध्याकाळपर्यंत गोणी जमिनीला टेकली.

दुसऱ्या खेपेला करंगळीहून बारीक, पिसासारखी हलकी दोरी आणली. हिला ट्रक टांगला तरी तुटणार नाही, असं सर म्हणाले. बाबांनी ती सरांच्याच मनगटाला गुंडाळून थोडा भार दिला. मनगटावर लाल वळ उठला. मग बाबांनी नुसतं दर्ग्यामागच्या जांभळाच्या झाडाच्या सालीकडे बोट केलं.

तिसऱ्या खेपेला बाबांनी सरळच सांगून टाकलं होतं. पॉलिएस्टरची पट्टी, दोन बोटं रुंद, बुंध्याला वेढा घालून दोन हात उरेल एवढी. आता निघा.

सर निघाले, पण घरी.

आज त्यांनी पिशवीतून जाड फाइल काढली.

“बाबा, पाच कारखान्यांच्या पट्ट्या तपासल्या. प्रत्येकीचे बारा नमुने. कोरडे, ओले, उन्हात महिनाभर ठेवलेले. ही सगळ्यात चांगली. नऊशे किलोंना तुटते.”

“वजन?”

“जोडी एकशे साठ ग्रॅम.”

“आणि तुमचं?”

“बासष्ट किलो.”

“मग बांधा, मास्तर.”

प्राध्यापक म्हणा, असं सरांनी पहिल्या खेपेला सुचवून पाहिलं होतं. आता त्यांनी ते सोडून दिलं होतं.

त्यांनी पिशवीतून एक पुडकं काढून उलटं केलं. दर्ग्याच्या ओट्यावर पट्ट्यांच्या तुकड्यांचा ढीग पडला. प्रत्येकावर आकडा लिहिलेला, प्रत्येकाचं एक टोक विस्कटून दाढीसारखं झालेलं. सर्वांत लांब तुकडा दीड हात भरला.

बाबांनी तो उचलला, जांभळाच्या बुंध्याला लावून पाहिला. अर्ध्यावरच संपला.

“यंत्रात ताणून तोडायला पट्टी कापावीच लागते,” सर खालच्या आवाजात म्हणाले.

“चांगली होती?”

“फार चांगली होती.”

बाबांनी तुकडे गोळा केले. यातला एक दर्ग्यातल्या शेळीच्या गळ्याला होईल, म्हणाले. उरलेल्यांचं काय करायचं ते शेळीलाच विचारतो.

सर हसले नाहीत. फाइलकडे बघत बसले. इतकं शिकून आपल्याला एक पट्टी निवडता येत नाही, असं ते स्वतःशीच म्हणाल्यासारखं बोलले. मग म्हणाले, आणखी एक जोडी आहे. त्याच कारखान्याची, अखंड. पण ती तपासलेली नाही.

“म्हणून अखंड आहे.”

सर उठले. पिशवीच्या तळातून ती जोडी काढली. बाबांना हात लावू दिला नाही. दर्ग्यामागच्या दोन्ही जांभळांना वेढे घातले. पट्टी कुठे पिळली तर नाही ना, हे बोटाने चाचपून पाहिलं. झोळी अडकवली आणि ती तारेसारखी ताठ होईपर्यंत ओढली.

बाबा पुढे आले आणि त्यांनी एका बाजूची पट्टी हातभर सैल सोडली. झोळी मधोमध खोल वाकली.

ताठ दोरावर भार कितीतरी पटींनी वाढतो. हे गणित सरांनी तीस वर्षं फळ्यावर मांडलं होतं. दुसरी बाजू त्यांनी स्वतःच सैल केली.

मग दोघे झोळीकडे बघत उभे राहिले.

“बाबा, आधी तुम्ही जरा बसून बघता?”

“गलबतावर वर काम करायला डोलकाठीला पाळणा बांधला, की बांधणाराच पहिला चढायचा. म्हणून गाठी नीट बसायच्या.”

सरांनी चपला काढल्या. चष्मा काढला, पुन्हा लावला. झोळीच्या काठाला धरून टेकले. पट्टी करकरली, दोन बोटं खाली आली आणि थांबली. त्यांनी एक पाय वर घेतला. मग दुसरा.



बाबांनी फाइल आणि तुकडे कोनाड्यात ठेवले. सरांची पिशवी उचलून पाहिली. आता ती पाच किलोंच्या आत होती. ती त्यांनी सरांच्या चपलांशेजारी, पुढच्या वाटेकडे तोंड करून ठेवली.

झोळीतून आवाज आला, “या वेळी मी परत फिरणार नाही, बाबा. फक्त एवढं सांगा. किती वेळ पडून राहिलो म्हणजे पट्टीची खात्री होईल?”

बाबा चुलीपाशी जाऊन बसले.

“खात्रीच हवी असली तर घरी जा, मास्तर. झोप लागली तर पुढे निघा.”