टिटवीचे वळण

“...मग बुवा, तुम्हीच सांगा. पंचवीस पावलं कोण भरून काढणार?”

केरबाबुवांनी मान वर केली नाही. मांडीवर सुतळीचा गुंडा होता आणि त्यात पडलेली गाठ ते नखाने सोडवीत होते. ओठांत नाम चालू होते. मैदानाच्या कडेला विठ्ठलाचे छोटे देऊळ, देवळाची एकच पायरी, आणि त्या पायरीवर हे बसलेले.

“कसली पावलं?” ते म्हणाले.

मकरंद दाभाडे त्यांच्यासमोर उकिडवा बसला. सांगायला तो सकाळपासून आतुर होता.

निंबखेडला नदीच्या अलीकडे एक महाविद्यालय आणि पलीकडे एक. दोन्ही लहान, दोहोंना मिळून मैदान एकच. पहाटे पलीकडची मुले धावतात, संध्याकाळी अलीकडची. दर चैत्रात दोघांची मिळून दहा हजार मीटरची शर्यत होते. पंचवीस फेऱ्या. त्या दिवशी दोन्ही काठांवरची दुकाने दुपारनंतर उघडत नाहीत.

गेली दोन वर्षे मकरंद त्या शर्यतीत दुसरा आला होता. पहिला आला होता पलीकडचा जालिंदर. पहिल्या वर्षी अंतर होते अर्ध्या फेरीचे. गेल्या वर्षी अवघ्या दोन पावलांचे. मकरंदचे हे शेवटचे वर्ष होते. शर्यत उद्या होती.

“मी आज पहाटे आलो होतो बुवा. लपून नाही, उघड. जालिंदर धावून गेल्यावर त्याचे पाय पाहिले. तो अनवाणी धावतो, ठसे स्वच्छ उमटतात. दुसऱ्या वळणावर तो आतली रेघ सोडतो. दर फेरीला सोडतो! बाहेरून जातो आणि मग परत आत येतो. मी ठशांवरून मोजलं. त्याला एक पाऊल जास्त पडतं. पंचवीस फेऱ्यांना पंचवीस पावलं. गेल्या वर्षी मी हरलो दोन पावलांनी.”

“हं.”

“म्हणजे या वर्षी तो गेला.”

“कुठे गेला?”

“बुवा, चेष्टा नका करू.”

बुवा हसले. वरचे दोन दात नसल्यामुळे त्यांचे हसू तान्ह्या मुलासारखे दिसे. पस्तीस वर्षे त्यांनी याच मैदानावर पाणी मारले होते, फक्की ओढली होती. चाकरी संपली, पण शर्यतीच्या आदल्या दिवशी मैदान आखण्याचा मान अजून त्यांचाच होता. पांढऱ्या भुकटीची ती रेघ त्यांच्याच हातून पडावी, असे दोन्ही काठांना वाटे. त्यांनी आखलेल्या रेघेला कधी कोणी हरकत घेतली नव्हती.

मकरंदला धावायला शिकवले तेही त्यांनीच. श्वास आत घेताना तीन पावले, सोडताना दोन. “टाळ चुकला तरी चालेल, श्वास चुकू नये,” एवढाच त्यांचा पाठ.

“तुला माझ्याकडून काय हवं आहे?” बुवांनी विचारले.

मकरंदने क्षणभर खाली पाहिले. मग जे मनात होते ते बोलून टाकले.

“चहाच्या टपरीवर उद्या कोण जिंकणार त्याची पाटी लावलीय, तीवर पहिलं नाव त्याचं लिहिलंय. माझं दुसरं. सगळं गाव ती पाटी वाचतं. तुम्ही एकदा म्हणालात, उद्या मकरंद... तर ते पुसतील. तुमचा शब्द कुणी खाली पडू देत नाही.”

“आणि पाटी पुसली म्हणजे तू पुढे येशील?”

“मला रात्री झोप तरी येईल.”

हे मात्र खरे होते. बुवांनी त्याच्याकडे नीट पाहिले. डोळ्यांखाली काळे झाले होते. ओठ फुटले होते. विसाव्या वर्षी माणूस इतका दमलेला दिसू नये.

“तो बाहेरून का जातो रे?” त्यांनी हळूच विचारले.

“काय?”

“जालिंदर. त्या वळणावर बाहेरून का जातो?”

“असेल सवय. डावा पाय कच्चा असेल. मला काय त्याचं? वळण तोडायला जमत नाही त्याला, एवढं खरं.”

“आणि तू?”

“मी रेघ सोडत नाही.” मकरंदचा आवाज आपोआप वर गेला. “एक बोटही नाही. आणि ऐका ना, फेऱ्या मोजायला आता मला माणूससुद्धा लागत नाही. त्या वळणावर एक टिटवी असते. मी आलो की ओरडत उठते. दहाबारा दिवस झाले, एक फेरी चुकली नाही तिची! पाखराला कळतं बुवा, कोण आलंय ते. टपरीवाल्यांना कळत नाही.”

बुवांची बोटे गाठीवर थांबली.

मग गाठ सुटली. सुतळी गुंडाळून ते उठले, देवाकडे तोंड करून हात जोडले आणि फक्कीचा डबा मकरंदच्या हातात दिला.

“चल. ऊन उतरलं. रेघ आखून टाकू.”

पहिला सरळ पट्टा बुवांनी स्वतः आखला. खुंटी ठोकायची, सुतळी ताणायची, तिच्या कडेने डबा हलवीत जायचे. मकरंद मागून खुंट्या उपटीत येत होता. पहिले वळण झाले, दुसरा पट्टा झाला.   पाटीचे उत्तर मकरंदला अजून मिळाले नव्हते.

दुसरे वळण आले तसे बुवा थांबले. कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

“मला आता वाकवत नाही. हे वळण तू आख.”

मकरंद पुढे झाला. तोच टिटवी ओरडली.

ती पायांशीच होती. उडाली नाही, पंख पसरून मातीवर लोळत लांब गेली, जणू पंख मोडला आहे. पुन्हा उठली, पुन्हा ओरडली. मकरंदने वाकून पाहिले.

आधी त्याला काही दिसले नाही. माती, खडे, वाळलेले गवत. मग खड्यांतले चार खडे त्याच्याकडे पाहू लागले.

चार अंडी. मातीच्याच रंगाची, वर काळे शिंतोडे. घरटे म्हणावे असे काही नव्हते. पायाने उकरल्यासारखा एक उथळ खळगा, आणि टोके आत करून निजवलेली चार अंडी.

बाहेरच्या बाजूने, दोन हात अंतर राखून, जालिंदरच्या अनवाणी पावलांची कमान गेली होती. एकावर एक, एकावर एक... कितीतरी सकाळींची.

आतल्या बाजूने खिळ्यांच्या बुटांचे ठसे होते. तेही एकावर एक.

मकरंदने बोटे ठेवून पाहिली. त्याच्या बुटाच्या शेवटच्या खिळ्यापासून पहिल्या अंड्यापर्यंत तीन बोटे होती.

तीन बोटे. रोज पंचवीस वेळा. दहाबारा दिवस.



“मला वाटायचं...” तो म्हणाला, आणि काय वाटायचे ते त्याला सांगवेना.

बुवा थोडे दूर, मातीवरच बसले होते.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“होतं.”

“मग मला आधी का नाही सांगितलंत?”

“जालिंदराला तरी कुणी सांगितलं होतं?”

टिटवी दूर उभी राहून एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. वारा पडला होता.

“उचलून कुंपणापाशी ठेवू,” मकरंद घाईने म्हणाला. “हलक्या हातानं. सावली आहे तिथे.”

“तुझ्या आईनं स्वयंपाकाला बसावं आणि कुणी घर उचलून नदीपलीकडे न्यावं... ती शोधत येईल का रे?”

“मग वर टोपली झाकू उद्यापुरती.”

“दिवसभर? या उन्हात? आणि ती बसेल कुठे, टोपलीवर?”

मकरंदला हसू आले नाही. त्याने सुतळी हातात घेतली. एक खुंटी वळणाच्या तोंडाशी होती. दुसरी नेहमीच्या जागी ठोकली, की सुतळी बरोबर खळग्याच्या आतल्या कडेने जात होती. रेघ तिथेच असायला हवी. तिथेच ती पस्तीस वर्षे होती.

उद्या बाराजण धावणार. आतली रेघ सगळ्यांनाच हवी असणार. पहिल्या फेरीतच...

आणि जालिंदर? तो उद्याही बाहेरूनच जाईल. शर्यत आहे म्हणून तो आत येणार नाही. मकरंदला हे आता इतके स्वच्छ कळले, की त्याचे त्यालाच आश्चर्य वाटले. दोन वर्षे ज्याची पाठ पाहून तो चिडत आला होता, त्या माणसाची ओळख त्याला आज झाली होती, आणि तीही मातीवर.

रेघ बाहेर घेतली, तर सगळेच बाहेरून जातील. जालिंदरचे जास्तीचे पाऊल सगळ्यांच्या वाट्याला येईल. म्हणजे ते जास्तीचे राहणार नाही.

पंचवीस पावले. दोन वर्षांनी हाताला लागलेली.

“अंतर वाढेल बुवा,” तो म्हणाला.  “वेळेची नोंद धरणार नाहीत.”

“नाही धरणार.”

“लोक विचारतील, रेघ वाकडी का?”

“विचारतील.”

“तुम्ही सांगा ना, काय करू?”

 बुवांचे डोळे मिटले होते. ओठ हलत होते. संध्याकाळच्या देवपूजेपूर्वी ते असेच बसत.

...

 देवळाच्या कळसाची सावली पहिल्या पट्ट्यापर्यंत आली.

मकरंदने खुंटी उपटली. गुडघ्यांवर सरकत तो दोन हात बाहेर आला, जालिंदरच्या पावलांच्याही थोडा बाहेर, आणि खुंटी तिथे रोवली. दगड हलक्या हाताने मारला. एक ठोका, मग थांबून टिटवीकडे पाहायचे, मग दुसरा. एका खुंटीच्या जागी चार लागल्या. सुतळी कमानीत बसली. डबा हातात घेऊन तो वाकला आणि कडेने चालू लागला. रेघ कुठे जाड पडली, कुठे बारीक.

वळण पुरे झाले तेव्हा तो ताठ उभा राहिला आणि मागे पाहिले.

टिटवी परतत होती. चार पावले यायची, थांबायची, जणू दुसरीकडेच निघाली आहे असे दाखवायची. मग पुन्हा चार पावले. खळग्याशी आली, चोचीने एक अंडे किंचित वळवले, पोटाची पिसे पसरली आणि बसली. अंग दोनदा डावीउजवीकडे हलवून नीट बसली.

तिने मकरंदकडे पाहिले. ओरडली नाही.

मकरंदच्या डोळ्यांत पाणी आले. का ते त्याला कळले नाही, आणि त्याने ते लपवलेही नाही.

“खोलगट जागी घातलीत तिनं,” बुवा उठत म्हणाले. “टिटवीनं खाली अंडी घातली तर यंदा पाऊस बेताचा, असं लोक म्हणतात.”

“खरं असतं ते?”

“कोण जाणे. मला ती बसलेली दिसते, एवढंच.”

दोघे हळूहळू देवळाकडे निघाले. निम्म्या वाटेवर मकरंद थांबला.

“बुवा... पंचवीस पावलं गेली.”

“गेली.”

“मग उद्या... पाटीवर आहे तसंच राहू दे म्हणता?”

बुवा त्याच्यासमोर आले. मकरंदचे दोन्ही हात मनगटापर्यंत फक्कीने पांढरे झाले होते. बुवांनी त्यातला उजवा हात आपल्या हातांत घेतला, तळव्यावरची भुकटी अंगठ्याला लावली आणि वारकऱ्याला बुक्का लावावा तशी त्याच्या कपाळावर टेकवली. अंगठा तिथे थोडा वेळ तसाच राहिला.

“उद्या ती ओरडणार नाही, मकरंदा,” ते म्हणाले. “फेऱ्या तुझ्या तुलाच मोजाव्या लागतील.”