सांडलेले मीठ

शूर्पारक नगरावर अरिंदम राजाचा अंमल असताना बोधिसत्त्व मिठाचा व्यापारी होऊन जन्मला होता. समुद्रकाठच्या आगरातले मीठ गोण्यांत भरून तो बैलांच्या तांड्याने घाटावर नेई. तिथे त्याची वाट सगळेच पाहत. लोणच्याला मीठ हवे, मासळी खारवायला हवे, चांभाराला कातडे टिकवायला हवे, गुरांना चाटायला हवे. ताटात तर हवेच. पण ते संपल्याशिवाय त्याची आठवण कुणाला होत नाही.

एका वैशाखात तांडा घाटाच्या पायथ्याशी झऱ्यापाशी उतरला, तेव्हा रखवालदारांना झाडीत दरोडेखोरांची टोळी सापडली. ती याच तांड्यासाठी दबा धरून बसली होती. पण आता एकाच्याही अंगात शस्त्र धरण्याचे बळ नव्हते. कुणाच्या पोटऱ्यांत गोळे आले होते, कुणी ओकत होता. नायक खदिर याचा धाकटा भाऊ निंबक तर भावालाच "तू कोण?" असे विचारत होता.

"काय खाल्लंत?" बोधिसत्त्वाने विचारले.

"भाजलेले कंद. मीठ केव्हाच संपलं," खदिर म्हणाला. "पाणी मात्र पोटभर पितोय. याला तर सारखं पाजतोय."

"तेच बाधलं. घामावाटे अंगातलं मीठ गेलं आणि वर नुसतं पाणी भरलं. मीठ घटलं की हातपाय ऐकत नाहीत, पुढे डोकंही ऐकत नाही."

आजचे डॉक्टर याला सोडियम कमी झाले म्हणतात. तेव्हा हा शब्द नव्हता. माणसे मात्र त्यानेच मरत.

बोधिसत्त्वाचा भागीदार संखदत्त हे पाहून खूश झाला. "यांना आपलं मीठ खाऊ घालू. खाल्ल्या मिठाला हे जागतात. जन्मभराची वाट मोकळी होईल!"

त्याचे खरे होते. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्यावर हात उचलायचा नाही, एवढा एकच धर्म टोळीने पाळला होता. बाकीचे सगळे गुंडाळून ठेवले होते.

"नको," खदिर म्हणाला. "तुमचं मीठ खाल्लं तर ही वाट सोडावी लागेल. आमची सगळ्यांची पोटं या वाटेवर आहेत." बोलताना त्याने निंबककडे पाहिले नाही. त्याला ते पाहवत नव्हते.

बोधिसत्त्वाच्या मनात आले, 'अट घातली तर हा मीठ घेणार नाही, आणि मीठ नसेल तर तो पोरगा वाचणार नाही.' त्याने सुरीने एक गोणी फाडली आणि सारे मीठ कातळावर ओतले.

"अरे, काय करतोस!" संखदत्त ओरडला. "सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं!"

"वेचीन," बोधिसत्त्व म्हणाला. मग तो खदिरकडे वळला. "हे मी दिलेलं नाही. सांडलेलं आहे, कुणाचंच नाही. कंद शिजवून त्याच्या पेजेत चिमूट चिमूट घाल आणि थोडी थोडी पाज. एकदम घालू नकोस, तेही बाधेल. नुसतं पाणी थांबव."

"आणि हे बरे झाल्यावर?" संखदत्ताने विचारले.

"बरे झाल्यावर मोकळे."

तांडा घाट चढू लागला. संखदत्त सारखा मागे वळून पाहत होता.

मीठ विकून, धान्य आणि कापड घेऊन तांडा परतला, तेव्हा घाटमाथ्यावर जेवणाच्या वेळी टोळीने त्याला गाठले. सगळे सशस्त्र होते. निंबकही होता, चांगला ताठ उभा. रखवालदारांनी भाले उचलले. संखदत्ताचा घास हातातच राहिला.

खदिर एकटा पुढे आला. त्याने तलवार सोडून खाली ठेवली, पळसाचे पान मांडले आणि बोधिसत्त्वासमोर मांडी घातली.

"वाढा," तो म्हणाला.

"काय वाढू?"

"पानात आधी मीठच वाढतात ना?"

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, तिंबरु नावाच्या आजारी भिक्खूला सांगितली. उपकाराचे ओझे नको म्हणून तो रेवल भिक्खूच्या हातचे औषध घेत नव्हता. शास्ते म्हणाले, "तिंबरु, तेव्हाचा खदिर तू होतास. तुझी सेवा करणारा हा रेवल तेव्हाचा निंबक. गोणी फाडणारा मी होतो." तिंबरुने औषधाची वाटी घेतली. घेणाऱ्याला मोकळे ठेवून दिलेले दान, हीच दानपारमिता, दानाची परिपूर्णता.