हेकरूला घरी पोचवणारा राजा

एक होता राजा, समुद्रकाठचा. नाव त्याचं हेमांगद. त्याला गळ टाकून मासे धरायचा भारी नाद. कारभार प्रधानाच्या गळ्यात आणि राजा आपला होडीत. पण मार्गशीर्ष लागला की तो मासे खायचा नाही, बरं का. महिनाभर वरणभात आणि वालाची उसळ. तोंड आवरलं तरी हात कुठले आवरायला? मग तो काय करी, मासा धरी, उंच उचलून सगळ्यांना दाखवी आणि पाण्यात भिरकावून देई. वर म्हणे, "जा, तुला जीवदान दिलं." आणि स्वतःवरच खूश होऊन घरी जाई.

एकदा मार्गशीर्ष सरत आला असताना काय झालं, राजाची लेक चित्रांगी लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी यायला निघाली. गलबतातून. राजाला कुठला धीर? तो दुपारपासूनच होडी घेऊन वाटेतल्या खडकापाशी जाऊन बसला. हा खडक मोठा खोडसाळ, पाण्याखाली दडून राहायचा. पण त्याच्या तळाशी एक उजेड असे. संध्याकाळी तो उजेड बघून गलबतं खडक चुकवत. उजेड कसला, ते मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं.

बसल्या बसल्या राजाने गळ सोडला. खोल, खूप खोल. काहीतरी जड लागलं. ओढून काढतो तर म्हातारी हेकरू. मोठ्या तोंडाची, खडकाच्या कपारीत राहणारी मासळी असते ना, ती. आणि तिच्या कपाळावर दिवा! पण वर येता येता तिचं पोट पुरीसारखं टम्म फुगलं आणि दिवा मिणमिणायला लागला.

राजाने तिला कोरड्या हातांनी धरलं. हेकरू म्हणाली, "राजा, हात तरी ओले कर. अंग सोलतंय माझं."

राजाने हात ओले केले, गळ काढला आणि सवयीने दिलं तिला भिरकावून. तर ती उताणी तरंगायला लागली. वर घार फिरू लागली.

"अगं, सोडलं ना तुला? जा की," राजा म्हणाला.

"पोटात वारा भरलाय. खाली कशी जाऊ? महिनाभर तू खोलातून काढून सोडलेस, ते सगळे असेच तरंगत राहिले. विचार त्या घारीला."

राजाने मान वर करून घारीकडे बघितलं. त्याला फार फार वाईट वाटलं. मग त्याने वल्ह्याने तिला खाली ढकललं. ती पुन्हा वर. इकडे सूर्य टेकला, लांबवर चित्रांगीच्या गलबताचं शीड दिसलं. राजा खडकाच्या तळाशी बघतो तर मिट्ट काळोख. उजेड कोणाचा होता, ते तेव्हा त्याला कळलं. आता गलबत खडकावर आदळणार!

होडी हाकणारा रायाजी तांडेल म्हणाला, "महाराज, होडी वाहत चाललीय. नांगर टाकू का?"

राजाने नांगराकडे बघितलं. "थांब. आधी टोपली दे."

मग राजाने टोपली हेकरूवर उपडी घातली, टोपलीला नांगर बांधला आणि दोघांनी दोर सोडायला घेतला. "हळू रे रायाजी, म्हातारी आहे ती." टोपली खाली गेली, आणखी खाली गेली. जसजशी खोल गेली, तसतसं हेकरूचं पोट बसत गेलं. तळ आला, आणि ती टोपलीखालून सुळकन निघून कपारीत शिरली.

थोडा वेळ काहीच दिसेना. राजा होडीच्या कडेवरून वाकून बघत राहिला. मग आधी काजव्याएवढा, मग समईएवढा उजेड खडकाखालून वर आला. गलबताने तो बघितला, वळण घेतलं आणि अलगद होडीला येऊन लागलं.

चित्रांगी उतरली. म्हणाली, "बाबा, आज काय लागलं गळाला?"

राजाला रडूच आलं. म्हणाला, "लागलं होतं गं. घरी पोचवलं, म्हणून तू आलीस."

तेव्हापासून राजा मार्गशीर्षात गळ टाकीना. एरवी टाकला तरी खाण्यापुरता. आणि चुकून जास्तीचा मासा आला, तर ओल्या हाताने धरून त्याच्या घरापर्यंत पोचवायचा. मग राजा सुखात राहिला, लेक सुखात राहिली आणि मासेही. चला, आता कोणी बोलायचं नाही. पाय पांघरुणात घ्या, डोळे मिटा. झोपा बाळांनो.